वारंवार विचारले जाणारे प्रश्न: चित्र सुचतं कसं, आणि कर्लीच्या काठावर बसून मी नेमकं काय करते

प्रदर्शनात, फोनवर, बाजारात भाजी घेताना सुद्धा तेच ते प्रश्न येतात आणि दर वेळी घाईत काहीतरी अर्धवट उत्तर दिलं जातं, मग घरी आल्यावर वाटतं की हे नीट सांगायला हवं होतं. म्हणून इथे एकदाच सगळं लिहून ठेवतेय. मी राहते सिंधुदुर्गात, कर्ली खाडीच्या काठावर, कुडाळ आणि देवबागच्या मधे कुठेतरी असं समजा. वॉटरकलर जास्त करते, अ‍ॅक्रिलिक थोडं, ऑइल फक्त कोरड्या महिन्यांत.

तुम्हाला चित्र सुचतं कसं?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि खरं सांगायचं तर मला चित्र एकदम सुचत नाही, एखादी गोष्ट खूप दिवस बघत राहिले की ती हळूहळू चित्रासारखी दिसायला लागते.

आमच्या मागीलदारी जांभ्या दगडाचा गडगा आहे, म्हणजे दगड रचून केलेली कुंपणाची भिंत, आजोबांनी घातलेला, कमरेएवढा. मी मुंबईहून परत आले तेव्हा पहिले काही महिने समुद्र, माड, होड्या असंच सगळं काढत होते आणि एकही चित्र माझं वाटत नव्हतं. मग एका मे महिन्यात वीज गेली म्हणून मागीलदारी बसले होते आणि गडग्याकडे बघत होते. मे महिन्यात तो फिक्का असतो, वर धूळ, जवळजवळ गुलाबीकडे झुकलेला विटकरी, दगडाची भोकं कोरडी आणि त्यातून मुंग्या ये-जा करतायत. पंधरा दिवसांनी मिरगाची पहिली सर आली आणि १० मिनिटांत तोच गडगा काळपट तांबडा झाला, म्हणजे अक्षरशः कोणी दुसरा दगड आणून ठेवल्यासारखा. श्रावणात त्याच्यावर एवढं शेवाळ चढतं की दगड दिसतच नाही, भोकांमधून नेचे फुटतात, वरच्या कडेला तेरडा येतो. दिवाळीनंतर शेवाळ वाळून काळं पडतं आणि त्या काळ्यातून मधेमधे तांबडं डोकावतं. तोच दगड, तीच जागा, आणि एका वर्षात निदान पाच-सहा वेगवेगळे रंग.

त्या गडग्याची आजवर ६० च्या वर चित्रं झाली असतील. बाकीची सगळी चित्रं, खाडीची, घरांची, माणसांची, त्याच्यानंतरची आहेत, कारण बघायचं कसं ते मला तिथे कळलं. त्यामुळे कोणी प्रेरणा कुठून मिळते विचारलं की मला खरंच तो गडगाच आठवतो.

मूड लागतो का? रात्रीचं काम करता का?

मूडची वाट बघत बसले तर कामच होणार नाही. सकाळी साडेसहा ते दहा हा माझा वेळ, त्यानंतर ऊन सरळ डोक्यावर येतं आणि सावल्या संपतात. रात्री रंगकाम करत नाही कारण बल्बखाली पिवळा रंग नीट कळत नाही, सकाळी उठून बघावं तर चित्र भलतंच निघतं. रात्री फक्त पेन्सिलीचं काम.

लहानपणापासून चित्रं काढायचात का? घरात कोणी चित्रकार होतं?

चित्रकार म्हणावं असं कोणी नव्हतं, पण आमच्या भागात चतुर्थीला गणपतीच्या मागची भिंत रंगवायची पद्धत आहे. घरातला ज्याचा हात बरा तो ती भिंत करतो. माझा मोठा काका करायचा, कधी शंकर-पार्वती, कधी नुसता कमळांचा तलाव. मी सहावीत असताना त्याला ताप आला आणि भिंत माझ्याकडे आली. आठ फूट रुंद भिंत, हातात चुन्याचा ब्रश आणि चतुर्थीला चार दिवस. मी मोर काढला आणि त्याचा पिसारा भिंतीत मावेना म्हणून तो छपराच्या वाशापर्यंत वर वळवला, सगळ्यांना वाटलं मुद्दाम केलंय. जागा कमी पडली की आकार वळवायचा, ही गोष्ट मी तिथे शिकले, कॉलेजात नंतर तिला कॉम्पोझिशन म्हणतात असं कळलं.

दुसरी जागा म्हणजे गावातली गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायचा कारखाना. आमची शाळा सुटली की आम्ही पोरं तिथेच. मूर्तीला सगळे रंग लागले तरी डोळ्यांची आखणी शेवटी व्हायची, आणि ती फक्त एकटे म्हातारे कारागीर करायचे. आधी बराच वेळ ते मूर्तीसमोर नुसते बसायचे. एकदा मी विचारलं की आबा, का थांबलात, तर म्हणाले, "आधी बघ गो चेडवा, मगे हात लाव." मग एका श्वासात एका डोळ्याची वरची रेघ, ब्रश न उचलता. आजही मोठा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, टाकायच्या आधी मी तसा श्वास घेते, ती सवय त्यांच्याकडची.

कोणत्या चित्रकारांचा प्रभाव आहे?

आधी जवळच्यांबद्दल सांगते, कारण त्यांच्याबद्दल कोणी विचारत नाही.

कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजातले चित्रकथीवाले आहेत. रामायण-महाभारतातल्या कथांची चित्रं, सुट्या कागदांवर, एका कथेची सगळी चित्रं मिळून एक पोथी, आणि एकेक चित्र समोर धरत कथा गाऊन सांगायची. दोन चित्रं पाठीला पाठ चिकटवलेली असतात त्यामुळे चित्र उलटलं की पुढचा प्रसंग समोर. ही कला जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, आणि पिंगुळीत त्यांनी उभं केलेलं छोटं म्युझियम आहे ते जाऊन बघाच. मला त्या चित्रांमधलं काय आवडतं तर चेहरा बाजूने दाखवलेला आणि त्यात तो मोठा टपोरा डोळा. रात्रीच्या उजेडात, मागे बसलेल्या माणसालाही कोण कोणाकडे बघतंय ते कळलं पाहिजे, म्हणून तो डोळा तेवढा मोठा, असं मला वाटतं. माझ्या माणसांच्या चित्रांत डोळे थोडे जास्त मोठे असतात असं काही जण म्हणतात, ते तिथूनच आलंय.

मग कातळशिल्पं, म्हणजे जमिनीवरच्या कातळात कोरलेली प्राचीन चित्रं. आमच्या मालवण तालुक्यात कुडोपीला सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर आहेत, आणि रत्नागिरीत बारसू, कशेळी, उक्षी, देवाचे गोठणे अशी बरीच. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. कशेळीचा हत्ती एवढा मोठा आहे की जवळ उभं राहिलं तर हत्ती दिसतच नाही, फक्त कोरलेल्या रेघा दिसतात, आणि त्याच्या पोटात इतर प्राणी. ज्यांनी ते कोरलं त्यांना वरून बघायची सोय नव्हती, तरी पूर्ण आकार डोक्यात धरून त्यांनी रेघ चालवली. माझ्यासारखीला अर्ध्या इंपिरियल, म्हणजे चित्रकलेच्या मोठ्या कागदाच्या अर्ध्या तुकड्यावर हात कापतो, तेव्हा ती रेघ आठवली की धीर येतो.

आधुनिक चित्रकारांत प्रभाकर बरवे, ज्यांचा जन्म अलिबागजवळच्या नागावचा, १९३६ सालचा. आणि प्रभाकर कोलते, जन्म १९४६, आमच्याच कर्लीकाठच्या नेरूरपारचे. कोलत्यांची चित्रं पूर्ण अमूर्त, त्यात ना माड ना होडी, पण एका रंगाच्या मोठ्या पसाऱ्यात मधेच दुसरं काहीतरी उघडतं तेव्हा मला पावसातली खाडीच दिसते. हे माझं बघणं आहे, त्यांनी तसं म्हटलंय असं नाही. बरव्यांच्या चित्रात एखादी साधी वस्तू, घड्याळ किंवा पान, एवढी एकटी आणि शांत ठेवलेली असते की आपणही आवाज न करता बघतो.

स्केचपासून पूर्ण चित्रापर्यंत नेमकं काय काय करता?

पहिल्या दिवशी रंग नेतच नाही. स्केचबुक, ४बी पेन्सिल आणि पाण्याची बाटली. काड्यापेटीएवढे चार-पाच चौकोन काढते आणि त्यात फक्त तीन टोन भरते, पांढरा, मधला, काळा. काड्यापेटीएवढ्या जागेत चित्र उभं राहिलं नाही तर मोठ्या कागदावरही राहत नाही हे आता पक्कं कळलंय. बाजूला शब्दांत लिहून ठेवते, आणि इथे मी रंगांची ट्यूबवरची नावं लिहीत नाही, आपली लिहिते. "पाणी ताकासारखं", "छप्पर जुन्या कोळंबीच्या सालासारखं", "पलीकडचा डोंगर भिजलेल्या पाटीचा". ट्यूबचं नाव लिहिलं की घरी येऊन डोकं तीच ट्यूब उघडतं, आणि ताकासारखं लिहिलं की मिक्स करून शोधावं लागतं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याच वेळेला त्याच जागी रंग घेऊन. ३०० जीएसएमचा कॉटन कागद बोर्डाला टेपने लावलेला, एक मोठा फ्लॅट ब्रश, दोन राउंड, बस. आधी आकाश आणि पाणी एकाच वॉशमध्ये, कारण खाडीत आकाशच पडलेलं असतं आणि दोन वेगळे वॉश केले की ते दोन वेगळ्या चित्रांचे वाटतात. मग थांबायचं. आमच्याकडे हवेतच एवढं पाणी आहे की पुण्यात १० मिनिटांत वाळणारा वॉश इथे जुलैत पाऊण तास ओला राहतो, वेट ऑन वेट, म्हणजे ओल्या रंगावर ओला रंग टाकणाऱ्याला ही चैन आहे पण ज्याला घाई आहे त्याचं चित्र चिखल होतं. त्या पाऊण तासात मी नुसती बघत बसते किंवा शेजारच्या तरीवाल्या, म्हणजे होडीने लोकांना पलीकडे नेणाऱ्या भाऊंशी गप्पा.

शेवटचा गडद रंग घरी येऊन, चित्र दोन दिवस भिंतीला उलटं टेकवून ठेवल्यावर.

फोटोवरून काढता का?

होडीच्या नाळेचा (पुढच्या टोकाचा) आकार, कौलांची रांग अशा माहितीसाठी फोटो घेते. रंगासाठी कधीच नाही. संध्याकाळी समुद्राच्या बाजूला मोबाइल धरलात तर तो एकतर आकाश पांढरं करतो नाहीतर माड पूर्ण काळे करतो, आणि आपला डोळा त्या काळ्यात पण हिरवा, जांभळा बघत असतो.

तुमच्या चित्रांत समुद्र निळा का नसतो?

कारण वर्षातले बरेच दिवस तो निळा नसतो हो. पावसाळ्यात नद्या तांबडी माती आणतात, कर्लीचं पाणी पहिल्या मोठ्या पावसानंतर दुधाच्या चहासारखं होतं आणि देवबागला ते समुद्रात शिरतं तिथे दोन पाण्यांमधली रेघ स्पष्ट दिसते, एका बाजूला चहा, दुसऱ्या बाजूला राखाडी हिरवं. नोव्हेंबरपासून गाळ खाली बसतो आणि मग तो पर्यटकांचा निळा-हिरवा समुद्र. त्यातही सकाळी सूर्य आपल्या पाठीशी असतो म्हणून पाण्याचा स्वतःचा रंग दिसतो, आणि दुपारनंतर तो समोर येतो म्हणून पाण्यावर नुसती चांदी, रंग जवळजवळ नाहीच.

रापणवाले, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे मामा लोक तर किनाऱ्यावर उभं राहून पाण्यावरचा काळसर डाग बघून सांगतात की तिथे मासळी आहे. ढगाची सावली कुठली आणि माशांचा थवा कुठला हे त्यांना कळतं, मला अजून कळत नाही, मी त्यांच्या शेजारी उभी राहून शिकतेय.

पावसाळ्यात एवढे हिरवे कसे मिळवता? आमचं सगळं एकच हिरवं होतं.

ट्यूबमधला हिरवा सरळ लावू नका, एवढं केलंत तरी अर्धं काम झालं. भाताचा तरवा (कोवळी रोपं) म्हणजे लेमन यलो आणि किंचित सेरुलियन, त्यात तांबडा अजिबात नको. फणसाचं पान गडद आणि चकचकीत, तिथे अल्ट्रामरीन, यलो ऑकर आणि थोडा बर्न्ट सिएना. माडाची झावळ लोकांना वाटते त्यापेक्षा खूप करडी असते, कारण ती आकाश परावर्तित करते, वरून जवळजवळ निळी आणि खालून उजेड आरपार आला की पिवळी. एका झावळीत हे दोन्ही दाखवलंत की माड उभा राहतो. आणि हिरव्याच्या शेजारी तांबडी माती किंवा कौलं थोडीशी तरी दिसू द्या, मग हिरवा आपोआप बोलायला लागतो.

तो तांबडा रंग तुम्ही खरंच दगडाचा करता?

हो, आणि तुम्हीही करू शकता. पावसाने जांभ्यातलं बरंच काही लाखो वर्षं धुऊन नेलंय आणि लोखंड, अ‍ॅल्युमिनियम मागे राहिलंय, त्या लोखंडाच्या ऑक्साइडमुळे तो तांबडा. दुकानातल्या बर्न्ट सिएनाचा तांबडेपणाही लोखंडाच्या ऑक्साइडचाच, म्हणजे दोघं नातेवाईकच.

चिऱ्याचा, म्हणजे जांभ्याच्याच दगडाचा मऊ, जास्त तांबडा तुकडा घ्या (चिरेखाणीजवळ पडलेले असतात), लोखंडी खलबत्त्यात कुटा, कुटताना तोंडाला फडकं बांधा. पूड बादलीभर पाण्यात ढवळा, रेव लगेच खाली बसते, वरचं तांबडं पाणी दुसऱ्या भांड्यात ओता, असं दोन-तीन वेळा. शेवटचं पाणी दोन दिवस हलवू नका, तळाशी जे बसेल ते पिठासारखं मऊ असतं, तेवढंच वाळवा. एक भाग गम अरॅबिक (डिंक) दोन भाग गरम पाण्यात रात्रभर विरघळवून त्यात थोडा मध आणि बुरशी लागू नये म्हणून लवंग तेलाचा एक थेंब. मग काचेच्या तुकड्यावर पूड आणि हे डिंकाचं पाणी घेऊन घोटत राहायचं, सपाट बुडाच्या बाटलीने घोटलंत तरी चालतं. खरखर आवाज थांबेपर्यंत. माझा अर्धा तास जातो.

हा रंग उन्हाने उडत नाही. हळदीचा आणि कोकमाच्या आगळाचा रंग पण करून बघितला, ओला असताना एवढा सुंदर की डोळे भरून येतात, पण थोड्याच दिवसांत उन्हात फिक्का पडला. चिऱ्याचा तसाच्या तसा. कोकण-गोव्यातल्या जुन्या देवळांमधलं कावी काम याच तांबड्या मातीचं, म्हणजे कावेचं. चुन्याच्या पांढऱ्या थरावर कावेचा तांबडा थर देऊन तो ओला असतानाच खरवडायचा की खालचा पांढरा दिसतो आणि नक्षी होते. बघायला मिळालं तर देवळात जाऊन भिंतीच्या अगदी जवळ उभे राहा, खरवडणाऱ्याच्या हाताचा वेग दिसतो.

पावसात कागद, चित्रं कशी सांभाळता?

ह्याचं उत्तर मी नुकसान सोसून शिकलेय म्हणून सविस्तर सांगते. एका ठिकाणी प्रदर्शनासाठी ११ चित्रं दिली होती, ती पावसाळा उलटून गेल्यावर परत आली. काचेच्या मागे माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, न लावता थेट फ्रेम केलेली, ओल्या भिंतीला टेकवून ठेवलेली, त्यामुळे कागद काचेला चिकटलेले आणि आकाशभर तपकिरी ठिपके. त्यातली तीन गडग्याची होती, पहिल्या वर्षाची, ती पुन्हा होणार नाहीत. मी खूप रडले होते तेव्हा.

तर, काच आणि कागदामधे माउंट हवाच. फ्रेमच्या मागच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे भिंतीपासून हवा खेळते. कोरे कागद आणि सुटी चित्रं झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात, सोबत सिलिका जेल. ते निळं वालं घ्या, ओल पिऊन गुलाबी झालं की कढईत मंद आचेवर गरम करून परत निळं होतं (ती कढई मग स्वयंपाकाला वापरू नका). मे अखेरीला सगळं डब्यात बंद करा, पहिला पाऊस पडून गेल्यावर बंद केलंत तर ओल पण आतच बंद होते. कागदावरचा साइझिंगचा, म्हणजे रंग लगेच शोषला जाऊ नये म्हणून दिलेला थर गेला तर रंग टिपकागदावर पडल्यासारखा फुटतो, मग तो कागद फक्त चारकोलला. आणि जून ते सप्टेंबर ऑइल नको, जवसाचं तेल वाळता वाळत नाही आणि कॅनव्हासच्या मागून बुरशी येते.

दशावताराची चित्रं एवढी काळोखी का?

कारण मी ती रंगमंचाच्या समोरून काढलेली नाहीत, मागून काढलीयत. जत्रेला रात्री नाटक सुरू व्हायच्या आधी देवळाच्या बाजूला कलाकार पेटाऱ्यावर किंवा जमिनीवर बसून आपापला चेहरा रंगवतात, एका हातात छोटा आरसा, दुसऱ्या हाताचं बोट रंगात. ब्रश फार कमी. वालावलच्या लक्ष्मीनारायणाच्या देवळाजवळ मी पहिल्यांदा हे नीट बघितलं. स्त्री पार्ट करणारे एक काका भुवई काढत होते, एक भुवई झाली होती आणि दुसरी नव्हती, आणि त्या एका क्षणी चेहरा डावीकडे बाई आणि उजवीकडे शेतात राबलेला माणूस असा होता. त्यांना लिहिलेली संहिता नसते, संवाद उभ्या उभ्या बोलतात, पण चेहऱ्याची रेघ मात्र पक्की ठरलेली. ते चित्र मी सात वेळा केलं. सातव्यात चेहरा छोटा केला आणि आरसा उजळ, तेव्हा कुठे ते जमलं.

चित्र पूर्ण झालं हे कसं कळतं?

जेव्हा हात उगाच छोटा ब्रश शोधायला लागतो तेव्हा. छोटा ब्रश म्हणजे आता सजावट सुरू होणार. तिथे थांबते.

बिघडलं तर?

पाठकोरा कागद म्हणून वापरते. फाडत नाही, कागद महाग आहे आणि बिघडलेल्या चित्रात कुठेतरी चार इंचांचा तुकडा चांगला असतोच, तो कापून वहीत चिकटवते.

आमच्या गावच्या घराचं चित्र करून द्याल का?

हो, पण मला तिथे येऊन निदान दोन सकाळी बसू द्यावं लागेल. मुंबईतून खूप जण पाडलेल्या घराचा जुना फोटो पाठवतात, आजी पडवीत बसलीय, खळ्यात (अंगणात) माटव (मांडव) घातलाय. अशा वेळी मी फोनवर तासभर बोलते, स्वयंपाकघराची खिडकी कुठल्या बाजूला होती, सकाळचा उजेड कशावर पडायचा, तुळस किती उंच होती असं विचारते. एका ताईंना सांगता सांगता आठवलं की त्यांच्या पडवीच्या खांबाला खालच्या बाजूला तेलाचा काळा डाग होता, आजोबा पाठ टेकून बसायचे त्याचा. तो डाग मी काढला. बाकी घर तसं साधंच आलंय चित्रात, पण त्यांचा सगळ्यात आधी हात गेला तो त्या डागावर.

मुलीला चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षांना बसवू का?

बसवा, हाताला शिस्त लागते. पण घरात तिला एक वही अशी द्या की जी कोणी तपासणार नाही.

चित्रं बघायला घरी येऊ शकतो का?

या ना. सकाळी दहानंतर या, त्याआधी मी खाडीवर असते. आधी एक फोन करा कारण पावसात आमच्याकडचा साकव (छोटा पूल) पाण्याखाली जातो आणि मग लांबून वळसा घालून यावं लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये आलात तर डबे उघडता येणार नाहीत, तेव्हा फक्त भिंतीवरची आणि बोर्डावर चाललेली चित्रं बघायला मिळतील. आत्ता बोर्डावर गडगाच आहे, यंदा त्याच्या एका भोकात खारीने काजूची बी आणून ठेवलीय आणि तिला कोंब आलाय.